आयातशुल्काचा वाद हिशेबाने कसा तपासावा: सोयाबीन आणि खाद्यतेल

खुला व्यापार की देशी उत्पादकाला संरक्षण, हा अर्थतज्ज्ञांचा वाद खुल्या व्यापाराची बाजू मांडणाऱ्या डेव्हिड रिकार्डोच्या ग्रंथाच्या, म्हणजे १८१७ च्याही आधीपासूनचा. त्यात बाजू घेण्याआधी शुल्काचा रुपया कोणाच्या खिशातून निघून कुठे पोचतो ते कागदावर मांडा. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे शुल्क वाढले, तेव्हा कारण सोयाबीनच्या पडलेल्या भावाचे दिले गेले. तेच उदाहरण घेऊ.

आधी खरा दर काढा. बातमीत बहुधा फक्त मूळ सीमाशुल्क असते. कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर ते २० टक्के झाले. त्यावर ५ टक्के कृषी उपकर आणि या दोन्हींच्या बेरजेच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, असे एकूण २७.५. रिफाइंडवर उपकर नाही, ३२.५ अधिक अधिभार मिळून ३५.७५. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलाचा मूळ दर १० वर आणला, म्हणजे एकूण १६.५. रिफाइंडचा दर तसाच राहिला. पाम आणि कच्च्या सोया तेलाला ही टक्केवारी बिलावरच्या किमतीवर लावू नका. सरकार साधारण दर पंधरवड्याला शुल्कमूल्य, म्हणजे शुल्क मोजण्यासाठी धरायची किंमत, जाहीर करते, त्यावर ती लागते.

यानंतरची पायरी बहुतेक लेखांत गळते: कच्चा माल वजा करणे. समजा कच्चे तेल १०० रुपये, रिफाइंड १०५. शुल्क नसताना रिफायनरीच्या वाट्याला ५ रुपये. कच्च्यावर २७.५ आणि रिफाइंडवर ३५.७५ टक्के लावले तर भाव १२७.५० आणि १४२.५४, वाटा १५.०४. कच्च्याचे शुल्क १६.५ वर आले की वाटा २६.०४. शुल्क पूर्णपणे भावात उतरते असे इथे धरले आहे. देशातल्या रिफायनऱ्यांची आपसातली स्पर्धा वाटा खाली ओढते. तरी दिशा स्पष्ट आहे: कच्च्याचे शुल्क कमी झाले आणि रिफायनरीचे संरक्षण वाढले. शुल्कांमुळे हा वाटा मूळच्या किती टक्क्यांनी वाढतो, त्याला प्रभावी संरक्षण दर म्हणतात. कोणतेही शुल्क ‘शेतकऱ्यासाठी’ आहे असे वाचले की ही वजाबाकी आधी करा.

आता शेतकऱ्याचा वाटा. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते, उरलेली बहुतांश पेंड. तेल किलोमागे १० रुपयांनी महागले आणि सगळा फायदा बांधापर्यंत पोचला, तरी क्विंटलमागे १८० रुपये. पेंडेचा भाव पडलेला असेल तर तेही पुसले जातात, कारण तेलावरचे शुल्क पेंडेला हात लावत नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि शुल्क वाढूनही बाजार त्याखालीच राहिला. लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याला शुल्कवाढीची बातमी दाखवून दिलासा देणे म्हणूनच अन्यायाचे वाटते.

गळतीही पाहा. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे नेपाळमधून रिफाइंड तेल शुल्काविना येते. शुल्कवाढीनंतर ती आवक झपाट्याने वाढली. नेपाळ स्वतः कच्चे तेल बाहेरूनच आणतो, म्हणजे बाहेरचेच तेल आपले शुल्क चुकवून आत येते.

संरक्षणाच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र भक्कम आहे. भारत खाद्यतेलाचा जगातला सर्वात मोठा आयातदार. इतक्या मोठ्या गिऱ्हाइकाने शुल्क लावले तर विक्रेत्याला भाव थोडा उतरवावा लागतो, आणि बोजाचा काही भाग बाहेर जातो. तो किती, हे पाहायला शुल्काआधीचा आणि नंतरचा मुंबई बंदरातला शुल्कपूर्व भाव घ्या, त्याच काळातला युरोपातल्या रॉटरडॅम बंदराचा भाव शेजारी लिहा. मुंबईचा भाव जास्त उतरला असेल तर काही बोजा विक्रेत्यावर गेला; दोन्ही सारखेच हलले असतील तर एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण मोठ्या गिऱ्हाइकाच्या शुल्काने रॉटरडॅमचा भावही उतरू शकतो. तुलना एका आठवड्याची नको. शुल्कवाढीच्या चर्चेनेच आधी साठे भरले जातात आणि आकडा फसवतो.

शेवटी पर्यायाशी तुलना. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती आणि व्ही. के. रामस्वामी यांनी १९६३ मध्ये दाखवले की अडचण देशांतर्गत असेल तर आयातशुल्कापेक्षा थेट अनुदान कमी नुकसान करते. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये सोयाबीनसह काही पिकांना हमीभाव आणि बाजारभावातला फरक देणारी भावांतर योजना आणली. तिथे पैसा तिजोरीतून जातो, आणि फरक सरकार भरणार म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी भाव पाडून घेण्याचा धोका असतो. दोन्ही मार्गांचा खर्च क्विंटलमागे रुपयांत लिहा, आणि त्यातले शेतकऱ्याच्या हाती किती उरते तो आकडा शेजारी.