सनरूफवाल्या गाडीत या चुका टाळा

चिपळूणला जुलै लागला की माझ्या गॅरेजमध्ये एकाच तक्रारीच्या गाड्या येतात. "सनरूफ गळतंय, सिलिकॉन मारून बंद करून द्या." मी मारत नाही. का मारत नाही, हे दरवर्षी प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून थकलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

उघडणाऱ्या सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही. कडेनं थोडं आत येणार, हे बनवणाऱ्यानं धरलेलंच असतं. ते काचेभोवतीच्या पन्हळीत पडतं आणि चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. म्हणजे गाडी गळते तेव्हा बहुतेक वेळा काच निर्दोष असते, तुंबलेली असते नळी.

दोन पावसाळ्यांपूर्वी गुहागरकडचे एक काका आले. गाडी जेमतेम तीन वर्षांची, रोज गुलमोहराखाली उभी. गुलमोहराचं पान म्हणजे तांदळाएवढी बारीक पानं, ती नळीच्या तोंडाशी बसली की बूचच. आधीच्या गॅरेजवाल्यानं घाईत कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबानं मारली. कचरा निघाला, पण खांबाच्या आत नळी सांध्यातून सुटली. आता सगळं पाणी ड्रायव्हरच्या पायाशी. त्यावर दुसऱ्यानं काचेभोवती सिलिकॉन फासलं. पुढे ऊन पडलं तशी मुलांनी हौसेनं सनरूफ उघडलं आणि सिलिकॉनला चिकटलेलं रबर फाटून आलं.

माझ्याकडे आली तेव्हा गाडी रात्री आपोआप लॉक-अनलॉक होत होती. सीट काढून कार्पेट उचललं, तर खालचा फोम पिळता येईल इतका भिजलेला, वायरींचे कनेक्टर गंजून हिरवे पडलेले. कोकणात जुलैत कार्पेट वाळवणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. हॅलोजन लावून सहा दिवस गेले. सुटलेली नळी बसवायला मात्र, छताचं अस्तर उतरवल्यावर, पंधरा मिनिटं लागली.

माझी पद्धत साधी आहे. मे अखेरीला एकदा आणि दिवाळीत एकदा काच उघडायची, पन्हळ ओल्या फडक्यानं पुसायची, कोपऱ्यात कपभर पाणी हळू ओतायचं. दहा आकडे मोजेपर्यंत ते चाकाच्या आसपास जमिनीवर पडायला हवं. नाही पडलं, तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्यायची, टोक काडीनं वितळवून गोल करायचं आणि न रेटता सरकवायची. तार घालू नका, नळी फाटते. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा (वरचं चिकटणारं सिलिकॉन नव्हे), इंजिन ऑइल नको.

दुसरी चूक गाडी घेतानाच होते. एसी शोरूममध्ये, संध्याकाळी, पुढच्या सीटवर बसून काचेचं छत पसंत करतात. अहो, ते छत बघायचं मे महिन्यात, दुपारी एक वाजता, मागच्या सीटवर. पत्र्याच्या छताखाली अस्तर असतं. काचेखाली बऱ्याच गाड्यांत नुसता पातळ कापडी पडदा, तर टेस्लाच्या मॉडेल वायसारख्या गाडीत तोही नाही. काच कितीही रंगीत असली तरी डोक्याला ऊब लागतेच आणि एसीला काम वाढतं. अकोला-चंद्रपूरकडच्या पाहुण्यांना मी स्पष्ट सांगतो, साधं छत घ्या. शिवाय उघडणाऱ्या छताचा सांगाडा आतली उंची खातो. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवून बघा.

वजनाचा हिशेब कुणी करत नाही. ५ मिमी जाडीची एक चौरस मीटर काच साडेबारा किलो भरते. पाऊण मिमी पत्रा तेवढाच घेतला तर सहा किलोही होत नाही. त्यात मोटर, रूळ, चौकट, आणि हे सगळं गाडीच्या माथ्यावर.

तरी मी काचेच्या छताचा वैरी नाही. काळ्या अस्तराच्या गाडीत मागे बसणाऱ्याला कोंडल्यासारखं होतं, ते काचेनं जातं. आंबोलीत पावसाळ्यात धबधबे डोक्यावरून दिसतात, तो आनंद खराच आहे. फक्त उजेडच हवा असेल तर न उघडणारी काच घ्या. ना रूळ, ना नळ्या.

बाकीचं थोडक्यात. मुलांना छतातून बाहेर उभं करू नका. एक ब्रेक पुरे होतो आणि मला यावर वाद घालायचा नाही. बाहेरून छत कापून सनरूफ बसवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. दगड लागून काच फुटली तर विम्यात काचेवर घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत, कापत नाहीत, पण तुंबलेल्या नळीनं कुजलेलं कार्पेट अपघातात धरत नाहीत.

आणि सनरूफची जुनी गाडी घ्यायला गेलात तर आधी काच उघडझाक करत बसू नका. दारं बंद करून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास येतो का बघा. मग पुढच्या दोन्ही बाजूंना कार्पेटखाली हात घाला. ओलसर लागलं तर किल्ली परत द्या.