ट्रॅकची फ्रेम पुण्याच्या रस्त्यावर: या चुका टाळा

ट्रॅकची फ्रेम, म्हणजे गोल ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी बनवलेल्या सायकलचा सांगाडा, देखणी असते, यात वाद नाही. गियरची केबल नाही, बाटलीचा स्टँड नाही, कॅरियर नाही. बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर) सराव करणाऱ्या कुणीतरी जुनी फ्रेम विकायला काढलेली असते, किंवा कुणाचा तरी मावसभाऊ जपानहून येताना किरिन या ट्रॅकवरच्या शर्यतीची स्टीलची फ्रेम घेऊन येतो, आणि तिची रस्त्यावरची सायकल करायचा बेत ठरतो. बेत वाईट नाही. एकाच गियरची, हलकी, फारशी देखभाल न मागणारी सायकल पेठांतून, जंगली महाराज रस्त्यावरून किंवा औंधपर्यंत हिंडायला झकास. बिनसतं कधी, तर घाट, गियर, पावसाळा आणि पाठीवरचा लॅपटॉप हे सगळं त्या एकाच फ्रेमकडून मागितलं जातं तेव्हा. ट्रॅकच्या शर्यतीत सायकलला ब्रेक लावायलाच बंदी असते. सगळे एकाच दिशेने जातात, खड्डा नसतो, आडवी घुसणारी रिक्षा नसते. फ्रेमचं प्रत्येक माप त्या हिशोबाने काढलेलं असतं. त्यामुळे निम्म्या चुका पैसे देतानाच होतात, आणि त्या नंतर पाना घेऊन सुटत नाहीत.

चिमट्याला भोक आहे का, हे न पाहणं

फ्रेम हातात घेतली की रंग आणि स्टिकर पाहायच्या आधी पुढचा चिमटा पाहा. चिमट्याच्या माथ्यावर, टायरच्या बरोबर वर, ब्रेकच्या बोल्टसाठी आरपार भोक असेल तर पुढचं बोलणं करा. अस्सल ट्रॅकच्या चिमट्याला बहुतेक वेळा ते नसतंच.

‘फिक्स्ड आहे ना, पाय हेच ब्रेक’ असं सांगणारे भेटतील. फिक्स्ड म्हणजे चाक फिरतं तोवर पायडलही फिरणारच, आणि पाय मागे दाबून चाक रोखायचं. फर्ग्युसन रस्त्यावर बिनब्रेकची सायकल मिरवणारेही दिसतात. मला त्यात शौर्य दिसत नाही. सायकल थांबवताना वजन पुढे जातं आणि मागचं चाक हलकं होतं. मागच्या चाकावर तुम्ही पायाने कितीही जोर लावा, ते घसरू लागतं, आणि पुढच्या ब्रेकने जेवढ्या अंतरात थांबता आलं असतं त्याच्या दुप्पट तरी अंतर लागतं. पावसाळ्यात, रस्त्यावर पहिल्या सरीचं तेल तरंगत असताना, तर विचारूच नका.

मग लोक ड्रिल मशीन काढतात. चिमटा कार्बनचा किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर भोक पाडायचा विचारही नको; तो नेमका तिथूनच तडकू शकतो, आणि तडकताना आधी कळवत नाही. स्टीलच्या चिमट्याला भोक पाडता येतं, पण ते फ्रेम बांधणाऱ्या कारागिराचं काम आहे, कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याचं नाही. सरळ उपाय म्हणजे ट्रॅकचा चिमटा जपून बाजूला ठेवायचा आणि रोड सायकलचा, ब्रेकचं भोक असलेला चिमटा बसवायचा. त्याआधी चिमट्याच्या वरच्या, फ्रेममध्ये शिरणाऱ्या नळीचं माप घ्या. जुन्या स्टीलच्या फ्रेमना एक इंची नळी लागते, नव्यांना बहुधा सव्वा इंचाच्या जरा आतली, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाची. एकाची दुसऱ्यात बसत नाही.

चिमटा बदलला की हँडलचा स्वभावही बदलतो. ट्रॅकच्या फ्रेमची पुढची नळी उभी असते, साधारण ७४ ते ७५ अंशांची, आणि चिमटा पुढे कमी झुकलेला असतो. समजा नळी ७४.५ अंशांची आहे आणि चिमट्याचा पुढचा झुकाव ३५ मिमी. तेव्हा सायकलला सरळ ठेवणारं माप, ज्याला ट्रेल म्हणतात, ५७ मिमीच्या आसपास येतं. त्याच जागी ४५ मिमी झुकावाचा रोडचा चिमटा घातला की ट्रेल ४६ मिमीवर उतरतो. हँडल हलकं लागतं, उतारावर चंचल वाटतं. बिघाड झाला असं समजून हेडसेट (हँडलचे बेअरिंग) पुन्हा पुन्हा आवळत बसू नका, हा भूमितीचा परिणाम आहे. ४५ ऐवजी ४० मिमी झुकावाचा चिमटा मिळाला तर तो घ्या.

ब्रेक बसला तरी एक गोष्ट राहते: रिम. ट्रॅकच्या किंवा ‘फिक्सी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक रंगीत रिमच्या कडा ब्रेकसाठी घासून सपाट केलेल्या नसतात. ब्रेक दाबला की रबर रंगावरून सरकतं, किंचाळतं, आणि महिन्याभरात रंगाचे पापुद्रे निघतात. पुढची रिम तरी सपाट कडेची, चंदेरी पट्ट्याची घ्या.

आणि फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती, बसवणार असाल तर दोन ब्रेक हवेतच. ‘फ्लिप-फ्लॉप’ हब (चाकाचा मधला भाग) आहे, एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, म्हणून चाक उलटं लावून खुशाल निघणारे पाहिले आहेत. फिक्स्ड असताना मागचा ब्रेक म्हणून निदान पाय तरी होते. फ्रीव्हीलवर तेही गेले. मागच्या वरच्या पट्टीला ब्रेकचं भोक नसेल तर त्या फ्रेमवर फ्रीव्हीलचा विचार सोडून द्या.

टायरची जागा आणि बुटाचं टोक

चार नंबरची अॅलन की घ्या आणि टायर व चिमट्याच्या माथ्यामधून आडवी सरकवून पाहा. सरकली नाही तर तो टायर पुण्यात चालवू नका. बारीक खडी टायरला चिकटून वर गेली की रंग खरवडला जातो, आणि पावसाळ्यात चिखल तिथेच बसून चाक घासू लागतं. ट्रॅकच्या बऱ्याच फ्रेममध्ये २३ मिमीचा टायर बसतो, फार तर २५. २८ पाहिजे असेल तर घेण्याआधी चाक लावून पाहा. मागे साखळीजवळच्या नळ्यांमध्ये जागा सगळ्यात कमी असते. मडगार्डला बोल्ट लावायची जागा बहुतेक नसतेच. सीटखाली अडकवायचं प्लॅस्टिकचं पातं मिळतं, तेवढ्यावर पावसाळा काढावा लागतो.

दुसरी अडचण दुकानात कळत नाही. पुढचं चाक जवळ असल्यामुळे बूट पुढे आणि हँडल वळलेलं असलं की बुटाचं टोक टायरला लागतं. जोरात जाताना हँडल एवढं वळतच नाही, म्हणून तिथे काही होत नाही. होतं ते लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत, हळूहळू, दोन गाड्यांमधून वाट काढताना. साध्या सायकलवर पाय थांबवून, पायडल मागे ठेवून वळता येतं. फिक्स्डवर पायडल थांबत नाही, ते पुढे येणारच, आणि तुम्ही चालण्याच्या वेगाने आडवे होता. दुखत फारसं नाही, पण मागून पीएमटीची बस येत असली तर? (पीएमपीएमएल होऊन बरीच वर्षं झाली, पण तोंडात पीएमटीच येतं.) सायकल उभी धरून, एक पायडल आडवं पुढे करून हँडल वळवा आणि बूट व टायरमधलं अंतर पाहा. लहान मापाच्या फ्रेमवर ही अडचण जास्त असते. बूट पायडलवर थोडा मागे घ्या, १६५ मिमीचे क्रँक (पायडलचे दांडे) ठेवा, जाड टायरचा मोह आवरा. क्रँक १६५ ठेवायला आणखी एक कारण आहे: वळणावरही पायडल फिरत राहतं, म्हणून ट्रॅकच्या फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात तो आस) रोडपेक्षा थोडा उंच असतो. घरात पडलेले १७५ मिमीचे क्रँक लावले की त्यातली जागा तुम्ही स्वतःच खाऊन टाकता, आणि वळणातल्या स्पीडब्रेकरवर पायडल घासतं.

४८-१६ ही जोडी जशीच्या तशी ठेवणं

ट्रॅकची सायकल अनेकदा पुढे ४८ दात्यांचं चेनव्हील आणि मागच्या चाकावर १६ दात्यांचा कॉग (दातेरी चकती) अशी येते. पायडलच्या एका फेरीत ती साधारण ६.३ मीटर जाते. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला मिनिटाला ८० च्या आसपास फेऱ्या पडतात, मजा येते. मग चांदणी चौकाचा चढ येतो. ताशी १० च्या वेगाला मिनिटाला जेमतेम २६ फेऱ्या! प्रत्येक फेरीला सीटवरून उठून सगळं वजन टाकायचं, आणि रात्री गुडघ्याला बाम चोळायचा.

४६-१७ घेतलं तर एका फेरीत ५.७ मीटर, ४४-१८ घेतलं तर ५.१ मीटर. कर्वे रस्ता, पाषाण, बाणेर एवढंच फिरणं असेल तर ४६-१७ पुरतं. कात्रजचा जुना घाट अधूनमधून चढायचा असेल तर ४४-१८. सिंहगड मात्र वेगळं प्रकरण आहे. चढून जाणारे जातात, पण उतरताना ४४-१८ वर ताशी ४० ला पाय मिनिटाला १३० वेळा फिरतात, ५० ला १६० च्या वर. तिथे पाय सायकल चालवत नाहीत, सायकल पाय चालवते. गडावर फिक्स्ड नेऊ नका असंच मी म्हणेन, बोपदेव घाटातही.

४८-१६ मध्ये आणखी एक खोट आहे. या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिलं की ३-१ उरतं. म्हणजे एकच पाय पुढे ठेवून मागचं चाक घसरवत थांबायची सवय असेल तर टायर दर वेळी त्याच एका जागी घासला जातो आणि तिथे दोरे दिसू लागतात. ४६-१७ ला संक्षेप होत नाही, त्यामुळे ती झीज १७ जागांवर वाटली जाते. टायर एकाच ठिकाणी का फाटतो म्हणून कंपनीला शिव्या घालण्याआधी दाते मोजा.

वेल्डिंगचा टाका आणि सुटणारा कॉग

ही सगळ्यात धोक्याची चूक. खऱ्या ट्रॅक हबवर दोन प्रकारचे आटे असतात: कॉगसाठी सरळ, आणि त्याच्या बाहेर कॉगला अडवून धरणाऱ्या लॉकरिंगसाठी उलटे, जरा कमी व्यासाचे. तुम्ही पाय मागे दाबून वेग कमी करता तेव्हा कॉग सुटायच्या दिशेने फिरू पाहतो, पण त्याच दिशेने लॉकरिंग आवळली जाते. सगळी सुरक्षितता या एका युक्तीवर उभी आहे.

साध्या सायकलच्या हबला फक्त फ्रीव्हीलचे सरळ आटे असतात. मग कुणीतरी फ्रीव्हीलच्या कुत्र्यांना (आतल्या अडकणाऱ्या खुंट्यांना) वेल्डिंगचा टाका मारून ते पक्कं करून देतो, किंवा कॉगवर बॉटम ब्रॅकेटची रिंग आवळून देतो. चढावर सगळं ठीक चालतं, कारण पुढे जोर दिला की ते आवळतच जातं. पहिल्यांदा घाईने पाय मागे दाबला की गरकन सुटतं, आणि नेमकं थांबायचं असतं तेव्हाच. लॉकटाइट (आटे चिकटवणारा डिंक) लावलं आहे, असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. हब बदला.

बरोबर हब असला तरी कॉग बसवायची एक रीत आहे. आट्यांना ग्रीस, चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) कॉग घट्ट, मग हुकाच्या पान्याने लॉकरिंग. त्यानंतर एखादा चढ जोर लावून चढून या आणि लॉकरिंग पुन्हा आवळा, कारण चढावर कॉग आणखी थोडा आत गेलेला असतो. हे पुन्हा आवळणं राहून गेलं की पायडल मागे दाबताना ‘टक्’ असा बारीक आवाज येऊ लागतो. तो आला की चालवणं थांबवायचं.

चेन मधोमध बोटाने दाबली तर सेंटिमीटरभर वर-खाली हलावी. सगळ्यात घट्ट जागी मोजा. चेनव्हील पूर्ण गोल बसलेलं क्वचितच असतं. ढिली चेन पडली तर फिक्स्डचं मागचं चाक जागच्या जागी जाम होतं.

आणि चेन पुसायची वेळ. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी करून, चाक फिरवत, फडक्याने चेन पुसायची आपली जुनी सवय. साध्या सायकलला फडकं अडकलं तर पायडल थांबतं. फिक्स्डवर चाकाचा सगळा वेग चेनमध्ये असतो: फडकं कॉगमध्ये ओढलं जातं, मागोमाग बोटं, आणि बोटांची पेरं गेल्याची उदाहरणं आहेत. चाक थांबवून, चेनचा एक तुकडा पुसून, मग हाताने पायडल थोडं पुढे करून पुढचा तुकडा. वेळ लागतो, लागू दे. लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नका. बुटाची नाडी आणि पँटची उजवी मोहरी याच हिशोबात येतात.

गियर बसवायचा हट्ट

रोडच्या जुन्या गियरवाल्या चाकाचं हब १३० मिमी रुंद, ट्रॅकच्या फ्रेममध्ये जागा १२० मिमी. स्टीलची फ्रेम जाणता कारागीर ताणून रुंद करू शकतो; अॅल्युमिनियम, कार्बनची नाही. ताणली तरी डीरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लटकवायला कान नसतो, केबलला आधार नसतो, आणि ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) मागे उघडणारे असल्यामुळे पंक्चर झाल्यावर चाक काढताना डीरेलर मधे येतो. एवढ्या पैशात जुनी गियरची सायकल येते, ती घ्या.

चाकांसोबत चिकटवायचे ट्युब्युलर टायर आले असतील तर तेही बदला, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्यांना हात लावणार नाही. मागच्या चाकाचे नट बहुतेक १५ नंबरचे असतात. तो पाना नेहमीच्या टूलकिटमध्ये नसतो. वेगळा घेऊन सीटखालच्या पिशवीत टाका.