देणगीदार पुढच्या वर्षीही यावा म्हणून

जूनमध्ये कामाची वाटणी होते. परीक्षा, एनएसएस, नॅक, क्रीडा अशी कामं देऊन झाली की ‘माजी विद्यार्थी आणि निधी संकलन’ हे काम बहुतेक वेळा संस्थेतल्या नव्या माणसाकडं येतं. कोल्हापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात हे काम मी बरीच वर्षं करतेय, त्यामुळं आसपासच्या शाळा-कॉलेजांतले नवे सहकारी विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोठी रक्कम देणारं कोण मिळेल? माझं उत्तरही ठरलेलं आहे. गेल्या वर्षी ज्यांनी दिलं त्यांची यादी काढा आणि त्यांतल्या किती जणांनी आदल्या वर्षीही दिलं होतं ते मोजा. हा आकडा जिथं चांगला आहे तिथला वार्षिक निधी उभा राहतो. बाकी ठिकाणी दर जूनला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

शिक्षणासाठी देणं कोल्हापूरच्या माणसाला नवं नाही. १९०१ मध्ये इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढं राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळानं निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं शहरात उभी राहिली. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या, कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी मुष्टिफंड जमायचा: घरातली बाई मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची आणि ते मुलांच्या जेवणाला जायचं. नव्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण वार्षिक निधीचं सगळं गणित त्यात आहे. मूठ देणारीला झेपणारी होती, ती कुठं जाते हे तिला ठाऊक होतं, आणि मूठ पुन्हा पुन्हा येत होती.

म्हणून पहिलं काम म्हणजे निधी कशासाठी हे एका वाक्यात ठरवणं. पत्रकावर ‘संस्थेच्या सर्वांगीण विकासासाठी’ असं छापलं की कोणाचाही हात खिशाकडं जात नाही. आमच्याकडं चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा या भागांतून मुलं येतात. तिघं-चौघं मिळून खोली घेतात आणि मेस लावतात. घरून पैसे यायला उशीर झाला की काही जण रात्रीचं जेवण बंद करतात, आणि ते कोणाला सांगत नाहीत. सकाळच्या पहिल्या तासाला पोरगं मलूल बसलेलं दिसतं, बाजूला घेऊन विचारावं तेव्हा कळतं. आम्ही निधीचा मोठा वाटा मेससाठी ठेवला आणि मागायचं माप ठरवलं: एका विद्यार्थ्याची एका महिन्याची मेस. कोणी एक महिना घेतो, कोणी अख्खं वर्ष, कुठं दोन मैत्रिणी मिळून एक महिना घेतात. कोणत्या मुलाला मदत झाली हे मात्र देणगीदाराला कधीच सांगत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. पोराला कोणासमोर उभं करून आभार मानायला लावणं मला मान्य नाही, आणि तुम्हीही ते करू नका.

दुसरं काम नोंदींचं. एक्सेलची साधी फाईल पुरते, पण रकाने विचार करून पाडा: पूर्ण नाव, गाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, शाखा, फोन, पॅन, रक्कम, तारीख, कशासाठी दिली, कोणाच्या सांगण्यावरून दिली, आणि बोलण्यात काय निघालं. वडिलांचं नाव आणि गाव सोडू नका. आपल्या जिल्ह्यात नुसतं ‘पाटील’ लिहून ठेवलेली नोंद पुढच्या वर्षी कामाला येत नाही; एकाच वर्गात त्याच नावाचे दोघं असतात आणि पावती तिसऱ्याला जाते. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘मुलगी यंदा बारावीला’, ‘डिसेंबरनंतर फोन करा’, ‘आईच्या नावानं काही करायचंय’ अशा ओळी त्यात असतील तर पुढचा फोन अनोळखी राहत नाही. पॅनचे आकडे असलेली ही फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

फोनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवे लोक इथंच बिचकतात. कोणी कोणाला फोन करायचा हे आधी ठरवा. शिरोलीत फौंड्री चालवणाऱ्या माजी विद्यार्थ्याला प्राचार्यांनी फोन केला तर तो आदरानं ‘बघतो सर’ म्हणतो आणि विषय तिथंच राहतो. त्याच्या बाकावर बसणाऱ्या मित्रानं केला तर बोलणं असं होतं:

‘काय रे, यंदा मेसचं काय करायचं?’

‘तू किती देतोयस?’

‘मी दोन महिने घेतलेत.’

‘मग माझे तीन लिही की. पण पावती लगेच पाठवा म्हणावं, सीए मागं लागतो.’

या चार वाक्यांत जे घडतं ते छापील पत्रकानं होत नाही. म्हणून प्रत्येक बॅचचा एक प्रतिनिधी शोधा, आणि नियम पाळा: फोन करणाऱ्यानं स्वतःचे पैसे आधी भरलेले असावेत. रक्कम लहान असली तरी चालेल. हाच नियम प्राध्यापकांना आणि संचालक मंडळालाही. ‘तुमच्या स्टाफनं किती दिले?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याला खरं उत्तर देता आलं पाहिजे.

समोरचा म्हणतो, ‘मॅडम, आकडा तुम्हीच सांगा की.’ तेव्हा आकडा सांगा. ‘तुमच्या इच्छेनं’ म्हणालात की त्याची अडचण होते. कमी दिलं तर वाईट दिसेल, जास्त झेपणार नाही, म्हणून तो फोन ठेवतो आणि पुन्हा उचलत नाही. गेल्या वर्षीचा आकडा समोर ठेवून बोला. ‘गेल्या वर्षी तुम्ही दोन महिन्यांची मेस दिली होती, यंदा तीन जमतील का?’ एवढं पुरे. आणि ‘यंदा कामच नाही ओ’ असं उत्तर आलं तर ते खरं माना. ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या कंपन्यांच्या ऑर्डरी कमी झाल्या की इथल्या फौंड्रीवाल्यांचे दिवस अवघड जातात. चौकशी करा, बरं वाटावं असं दोन शब्द बोला, नोंद ठेवा आणि त्या वर्षी पुन्हा मागू नका. असा माणूस पुढं आपणहून परत आलेला मी पाहिलाय.

वर्षाचं वेळापत्रक कोल्हापूरच्या वर्षाप्रमाणं लावा. २६ जूनला शाहू जयंती. त्या आठवड्यात गेल्या वर्षीचा हिशेब सगळ्यांना पाठवावा, काहीही न मागता. जुलै-ऑगस्ट पावसाचे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर या महिन्यांत पंचगंगेची पातळी बघतच कामं करायची सवय झालीय. त्या दिवसांत मागणी नको, पूरग्रस्त विद्यार्थ्यांसाठी तातडीचा निधी लागला तर तो वेगळ्या खात्यात, वेगळ्या आवाहनानं. २ ते ८ ऑक्टोबरला देशभर दान उत्सव साजरा होतो, तिथून सुरुवात करता येते. दिवाळीत पुण्या-मुंबईची मंडळी गावी येतात, मेळावा तेव्हाच. शेतकरी घरातल्या माजी विद्यार्थ्यांना मात्र उसाचं बिल जमा झाल्यावर विचारा. कारखाना सुरू होऊन महिना-दीड महिना तरी जाऊ द्या. नोकरदारांचा काळ जानेवारी ते मार्च.

मेळाव्यावरून आठवलं. पंचवीस वर्षं झालेल्या बॅचचं स्नेहसंमेलन आता जोरात होतं: फेटे, तांबडा-पांढरा, फोटोग्राफर. कार्यक्रम संपताना माइकवरून केलेल्या आवाहनाला टाळ्या मिळतात, पैसे मिळत नाहीत, कारण तोवर सगळ्यांचा खर्च झालेला असतो. संयोजकांना दोन महिने आधी भेटा आणि माणशी वर्गणी ठरतानाच संस्थेचा वाटा त्यात धरायला सांगा. एवढ्या एका गोष्टीनं आमच्याकडं फार फरक पडला.

आता जुन्या ठेवींकडं वळा. प्रत्येक जुन्या शाळेच्या कपाटात एक रजिस्टर असतं: कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, मराठीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीस ठेवीच्या व्याजातून बक्षीस. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची १,००१ रुपयांची ठेव असते. सात टक्क्यांनी वर्षाला सत्तर रुपये व्याज, म्हणजे धड एक पुस्तकही येत नाही. बऱ्याच संस्थांत अशी बक्षिसं हळूहळू बंद पडलीत आणि घरच्यांना ते माहीतही नाही. हे रजिस्टर टेबलावर घ्या, एकेका नावापुढं नातवंडांचा शोध लावा. आमच्याकडं एका ठेवीवर ज्या बाईंचं नाव होतं त्यांचा नातू गुजरीतल्या एका पेढीवर सापडला. ठेवीसोबत आलेल्या मूळ पत्राची झेरॉक्स घेऊन मी गेले. आजोबांचं अक्षर त्यानं ओळखलं, गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं आणि आतून आईला फोन लावला. ठेव त्यांनी वाढवून दिलीच, पण आता बक्षीस समारंभाला दरवर्षी घरचं कोणीतरी येतं. मागणीचं पत्रक घेऊन गेले असते तर पाचशे एकची पावती फाडून निघाले असते. अशी रक्कम कायम ठेवीसाठी आहे असं देणाऱ्याकडून लेखी घ्या. हिशेबात ती कॉर्पस म्हणून वेगळी दाखवावी लागते आणि आयकर कायद्यानं मान्य केलेल्या गुंतवणुकीतच ठेवावी लागते.

पावतीच्या बाबतीत ढिलाई नको. पावती महाविद्यालयाच्या नावानं निघून चालत नाही. ज्या ट्रस्टकडं ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी, नोंदणी आणि पॅन आहे त्याच्या नावानं निघावी. ही नोंदणी आता कायमची नसते, मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर वजावट मिळत नाही. देणगीदारांची यादी आयकर खात्याकडं फॉर्म १०बीडीत ३१ मेपर्यंत भरायची आणि तिथून निघणारं १०बीई प्रमाणपत्र त्यांना पाठवायचं, ही पद्धत २०२१-२२ च्या देणग्यांपासून आहे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, त्यामुळं पावतीवरचा मजकूर सीएंकडून तपासून घ्या. करसवलत दाखवून देणगी मागण्याच्या मात्र मी विरोधात आहे. आपल्यासारख्या संस्थांच्या देणगीवर साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांनाच. कोणी त्या आशेनं दिलं आणि सवलत मिळाली नाही, तर माणूस तुटतो.

यूपीआयचा कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, शिक्षकाच्या मोबाईलचा कधीही नको. आणि नुसता कोड फिरवू नका, सोबत छोटा गुगल फॉर्म द्या. बँकेच्या पासबुकात बऱ्याचदा आयडी आणि व्यवहाराचा क्रमांकच दिसतो, कोणी पाठवले ते नीट कळत नाही. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडं गेल्या की त्यांवर ३० टक्के कर बसतो. शिवाय ज्याचे आभार मानता आले नाहीत तो पुढच्या वर्षी येत नाही, हे नुकसान त्याहून मोठं. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांचा पासपोर्ट भारतीय आहे का हे आधी विचारा. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांची देणगी परदेशी धरली जाते आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही.

एका बाबतीत अजिबात तडजोड नको. ज्यांच्या मुलाचा प्रवेश व्हायचा आहे त्या पालकाकडून देणगी घ्यायची नाही, तो स्वतःहून देत असला तरी. कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेल्या पैशांवर, महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, प्रवेशाच्या दिवसांत फाडलेली एक पावती बाकीच्या सगळ्या पावत्यांवर संशय आणते. आमच्याकडं प्रवेश प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत पावती पुस्तक कुलपात असतं.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल, थोडक्यात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्यातून प्रयोगशाळा, सौरऊर्जा अशी एकरकमी कामं होतात. त्यासाठी ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी करून ठेवा, पण मेस त्या भरवशावर चालवू नका. कंपनीचं धोरण बदललं की रक्कम थांबते.

देणगी आली की दोन दिवसांत फोन, आठवड्यात पावती, आणि जूनमध्ये एका पानाचा हिशेब. त्या पानावर प्राचार्यांचा फोटो नको, सत्काराचे फोटोही नकोत. किती जमले, किती मुलांची किती महिन्यांची मेस झाली, शिल्लक किती, आणि काय जमलं नाही, तेही लिहा. एका वर्षी निधी मार्चमध्ये संपला आणि परीक्षेच्या तोंडावर काही मुलांना मदत देता आली नाही. आम्ही ते तसंच लिहिलं. त्या पानानंतर आलेल्या फोनमध्ये बरेचसे लहान रकमा देणाऱ्यांचे होते. एक निवृत्त एसटी कंडक्टर स्वतः कॉलेजात आले आणि म्हणाले, ‘बाई, मार्चचं माझ्याकडं लावा. दरवर्षी.’ त्यांच्या नोंदीत तसंच लिहिलंय, आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्यांना फोन जातो.

हे काम मिळालं की प्राचार्यांकडून पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी मागून घ्या: किमान तीन वर्षं जबाबदारी तुमच्याकडंच राहील हा शब्द, आणि कार्यालयातला एक लिपिक आठवड्यातून एक दुपार. दर वर्षी समन्वयक बदलला तर देणगीदाराला दर वर्षी नवा आवाज ऐकू येतो आणि ओळख पहिल्यापासून सांगावी लागते. काम पुढच्या माणसाकडं देताना फाईल नुसती मेलवर टाकू नका. जे नेमानं देतात त्यांच्याकडं नव्या समन्वयकाला सोबत घेऊन जा, बसून चहा घ्या, आणि पुढचा फोन यांचा येईल असं त्याच्यासमोर सांगा.