वेधाच्या रात्रीआधी: सूचींतून आपली यादी काढताना

दुर्बिणीतून आकाशातल्या कोणत्या वस्तू बघायच्या याची यादी करताना आधी आकडा ठरवून घ्या. चार तास चांगला अंधार मिळणार असेल आणि शोधण्यासकट प्रत्येक वस्तूला दहा मिनिटं दिली, तर एका रात्रीत चोवीस वस्तू होतात. त्याहून लांब यादी केली की शेवटच्या दहा वस्तूंवर नुसती खूण होते, बघणं होत नाही. मार्चअखेरीस एका रात्रीत मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या सूचीतल्या सगळ्या वस्तू गाठायची मॅरेथॉन ही वेगळी गोष्ट, तो खेळ आहे. इथे बोलतोय ते साध्या रात्रीबद्दल: १२०० मिमी नाभीय अंतराची, आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण, दोन आयपीस (डोळ्याशी येणारी भिंगं) आणि एक फाइंडर (दिशा साधायची छोटी दुर्बीण).

मग सूची निवडा. मेसिएची सूची ११० वस्तूंची, छोट्या दुर्बिणीला झेपणारी, पण ती करणारा माणूस धूमकेतू शोधत होता. धूमकेतूसारखं दिसून फसवणाऱ्या गोष्टी त्याने टिपल्या, त्यामुळे त्यात क्रम नाही आणि काही नोंदी चक्रावणाऱ्या आहेत. एम ४० (एम म्हणजे मेसिए) म्हणजे नुसते दोन तारे. एम ७३ म्हणजे चार ताऱ्यांचा पुंजका. एम १०२ हा एम १०१ चाच दुसऱ्यांदा लिहिलेला आकडा, की एनजीसी (ही मोठी सूची पुढे येते) ५८६६, हा वाद मिटलेला नाही. यादीत एनजीसी ५८६६ लिहा आणि पुढे चला. १९९५ ची कॉल्डवेल सूची १०९ वस्तूंची, उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रांतीनुसार, म्हणजे आकाशातल्या अक्षांशानुसार, लावलेली. आपल्या क्षितिजावर यादी कुठे संपते ते तिच्यात लगेच कळतं, आणि दक्षिण आकाशातल्या ज्या वस्तू मेसिएला दिसल्याच नाहीत त्या तिच्यात सापडतात.

यापुढे जायचं तर एनजीसी: १८८८ मध्ये ड्रायरने छापलेल्या ७८४० नोंदी, आणि आयसी या पुरवण्यांमधल्या आणखी ५३८६. मूळ एनजीसीत क्रमांक विषुवांशानुसार, म्हणजे आकाशातल्या रेखांशानुसार, चढत जातात, म्हणून शेजारचे क्रमांक बहुधा आकाशातही शेजारी असतात. मात्र एकाच वस्तूला चार-पाच क्रमांक मिळालेले आढळतात. रोझेट अभ्रिका (वायू-धुळीचा ढग) आणि तिच्यातला ताऱ्यांचा गुच्छ मिळून २२३७, २२३८, २२३९, २२४४ आणि २२४६ एवढे क्रमांक खर्ची पडलेत. यादीत हे पाचही स्वतंत्र ओळींत आले, तर एकाच जागी पाच खुणा करून बसाल. शिवाय काही क्रमांकांच्या जागी आज काहीच नाही, किंवा फक्त दोन-तीन फिके तारे आहेत. प्रत्येक ओळीचा प्रकार 'सिम्बाड' या ऑनलाइन माहितीसाठ्यावर किंवा सुधारलेल्या एनजीसीत एकदा पडताळा. दीर्घिका असेल तर 'नेड' या दीर्घिकांच्या माहितीसाठ्यावरही बघा.

ताऱ्यांच्या सूचींचं जग वेगळं. एकाच ताऱ्याची नावं किती असू शकतात ते काक्षीवरून कळेल: आल्फा ओरायनिस हे बायरचं नाव, ५८ ओरायनिस हा फ्लॅमस्टीड क्रमांक, एचडी ३९८०१ हा हेन्री ड्रेपर सूचीतला, हिप २७९८९ हा हिप्पार्कस उपग्रहाच्या सूचीतला. यादीत यांपैकी किमान दोन ठेवा, कारण नकाशावर एक छापलेलं असतं आणि ॲप दुसरंच मागतं. बायरच्या ग्रीक अक्षरांवरून तेजाचा अंदाज बांधू नका. मृगात बहुतेक वेळा बीटा (राजन्य) हा आल्फापेक्षा ठळक असतो, आणि धनूतले आल्फा-बीटा तर चौथ्या प्रतीच्या आसपासचे (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितकी वस्तू फिकी). 'गाया' या उपग्रहाच्या सूचीच्या २०२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत सुमारे १८० कोटी स्रोत आहेत, पण वेधाची यादी करायला ती सूची उतरवून घेणं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं. फार ठळक तारे तिला नीट हाताळता येत नाहीत हेही लक्षात असू द्या. फाइंडरच्या पल्ल्यातल्या ताऱ्यांसाठी हिप्पार्कसचे १,१८,२१८ तारे भरपूर होतात. त्याखाली जायचं तर टायको-२, म्हणजे सुमारे २५ लाख.

आता रकाने. नाव, दुसरं नाव, प्रकार, तारकासमूह, विषुवांश, क्रांती, युग (सहनिर्देशक कोणत्या वर्षाचे ते), प्रत, आकार कलांमध्ये (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि शेवटी एक रिकामा. यातला युगाचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि त्याचीच शिक्षा होते. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे, म्हणजे हळू डोलण्यामुळे, सहनिर्देशक वर्षाला सुमारे ५०.३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतात. १९५० च्या युगाचे आकडे २००० चे समजून वापरले, की चूक जवळपास ४२ कलांपर्यंत जाते. २५ मिमीच्या प्लॉसल आयपीसने आपल्या दुर्बिणीत ४८ पट वर्धन मिळतं, आणि ५२ अंशांचं दृश्यक्षेत्र प्रत्यक्ष आकाशात ६५ कलांचं उरतं. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम ३२ कला. वस्तू क्षेत्राबाहेर, आणि माणूस म्हणतो, आकाश खराब आहे. १९६६ ची एसएओ ही ताऱ्यांची सूची १९५० च्या युगाची आहे, तेव्हा जुन्या छापील सूचीतून आकडे घेताना पहिलं पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सूची स्प्रेडशीटमध्ये ओतताना तीन ठिकाणी हमखास घात होतो. पहिला म्हणजे उणे शून्य. क्रांतीचे अंश आणि कला वेगळ्या रकान्यांत असतात, आणि 'उणे ००' हा अंक म्हणून वाचला की चिन्ह गळून पडतं. एम २ ची क्रांती उणे ०° ४९′ आहे. चिन्ह गेलं की ती अधिक ०° ४९′ होते आणि दुर्बीण १° ३८′ इतकी उत्तरेला सरकते. विषुववृत्ताला लागून असलेल्या सगळ्या नोंदी हाताने तपासा, किंवा चिन्हाला स्वतंत्र रकाना द्या. दुसरा घात तास आणि अंशांचा. देवयानी दीर्घिकेचा विषुवांश ० तास ४३ मिनिटांच्या जवळ, अंशांत १०.६८. संशोधनाच्या सूची बहुधा अंशांत देतात. तोच आकडा तास समजलात तर एम ३१ शोधत सप्तर्षीच्या पंजांपाशी पोहोचाल. तिसरा त्यामानाने किरकोळ: प्रतीचा रकाना रिकामा असेल तर काही गणितं त्याला शून्य धरतात, आणि तेजानुसार लावलेल्या यादीत सर्वांत फिक्या अभ्रिका डोक्यावर बसतात. रिकाम्या जागी ९९ भरा. जाता जाता, क्रमांक मजकूर म्हणून लावले तर एम १ नंतर एम १० आणि एम १०० येतात. पुढे शून्य लावून तीन आकडी करून घ्या.

एकट्या प्रतीवर भरवसा ठेवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. एम ३३ ची प्रत ५.७, आणि स्वरमंडलातल्या एम ५७ या कंकणाकृती अभ्रिकेची ८.८. कागदावर एम ३३ तीन प्रतींनी ठळक. पण एम ३३ पसरलेली आहे ७० × ४० कलांवर, तर एम ५७ फक्त १.४ × १ कलेवर. लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, त्याच्या लॉगॅरिदमला २.५ ने गुणा आणि प्रतीत मिळवा. एम ३३ चं उत्तर येतं सुमारे १४.१, एम ५७ चं सुमारे ८.९. दर चौरस कलेमागे पाच प्रतींचा, म्हणजे शंभरपट फरक. उजळलेल्या आकाशाखाली एम ५७ दिसते आणि एम ३३ चा मागमूस लागत नाही तो यामुळे. हा रकाना स्वतः काढून घाला, आणि तेरापलीकडच्या दीर्घिका अमावास्येच्या आगेमागे, शहरापासून लांबच्या रात्रीसाठी राखून ठेवा. जुन्या सूचींतल्या काही प्रती निळ्या छायाचित्रांवरून घेतलेल्या असतात; डोळ्याला ती वस्तू त्याहून थोडी ठळक वाटू शकते.

जोडताऱ्यांच्या ओळीत अंतर आणि स्थानकोनासोबत (दुसरा तारा कोणत्या दिशेला आहे तो कोन) वेधाचं वर्ष हवंच. कन्येतला गॅमा, पोरिमा, १६९ वर्षांच्या कक्षेत फिरतो. २००५ च्या सुमारास त्याचे दोन तारे अर्ध्या विकलेहून जवळ आले होते, आणि तेव्हाचं अंतर आज वापरलंत तर छोट्या दुर्बिणीचा तारा म्हणून तो उगाचच गाळाल. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांसाठी तुलनेचा नकाशा छापताना ध्यानात घ्या, की त्यावर प्रतीतला दशांशचिन्हाचा ठिपका मुद्दाम गाळलेला असतो, नाहीतर तो तारा वाटेल. ८७ म्हणजे ८.७.

यादी तयार झाली की ती वेळेनुसार लावा. याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना वस्तूची उंची ९० वजा (अक्षांश आणि क्रांती यांतला फरक). नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी गुच्छ, एनजीसी ५१३९, क्रांती उणे ४७.५ अंश: २० उत्तर अक्षांशावर तो २२.५ अंश चढतो, ४० वर फक्त २.५. वीस अंशांखाली राहणारं सगळं खोडून टाका, असा आमचा आग्रह. अपवाद फक्त अशा भव्य गुच्छांचा. वस्तू याम्योत्तरावर केव्हा येते ते विषुवांशावरून कळतं. २१ मार्चच्या आसपास स्थानिक मध्यरात्री १२ तासांचे विषुवांश डोक्यावर असतात, आणि दर महिन्याला त्यात दोन तास मिळवायचे. मावळतीकडे निघालेल्यांपासून सुरुवात करा, सूर्य १८ अंश खाली गेल्यानंतर.

छापताना अक्षर मोठं, चौदा पॉइंटच्या खाली नको. तांबड्या मंद उजेडात बारीक आकडे वाचवत नाहीत, आणि लाल शाईच्या खुणा तर दिसतच नाहीत. नकाशावर फाइंडरचं वर्तुळ त्याच मापात काढून ठेवा, आणि फाइंडर चित्र उलटं दाखवत असेल तर नकाशाही तसाच फिरवून छापा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तोवर यादीतल्या ठळक गुच्छांवर फाइंडर जुळवून घ्या. शेवटच्या रिकाम्या रकान्यात 'दिसलं'पेक्षा 'नाही दिसलं' हे वेळ, आयपीस आणि आकाशाच्या स्थितीसकट लिहा. पुढच्या महिन्याच्या यादीत त्याच ओळी सर्वांत वर जातात.