प्रॉक्सी गेटवेच्या मागे ऑफिसचे मेल चालवताना

जळगावच्या एमआयडीसीतील डाळ मिल, चटईचे आणि पाइपचे कारखाने, सावदा-रावेरकडील केळी व्यापाऱ्यांची कार्यालये किंवा धुळे-नंदुरबारकडील पतसंस्था यांत संगणक शिकलेल्या मुलामुलींना पहिली नोकरी मिळते ती बहुधा ‘कॉम्प्युटरचे सगळे बघणारा’ म्हणून. वेगळा नेटवर्कवाला ठेवणे मालकाला परवडत नाही, त्यामुळे प्रिंटर, सीसीटीव्ही, टॅली आणि मेल हे सारे एकाच माणसाच्या गळ्यात पडते. अशा अनेक ठिकाणी कुठल्या तरी टेबलाखाली दोन नेटवर्क कार्डांचा एक जुना संगणक असतो. एका कार्डात ब्रॉडबँडची वायर, दुसऱ्यात ऑफिसचा स्विच आणि मध्ये प्रॉक्सीचे, म्हणजे ऑफिसातल्या संगणकांच्या वतीने बाहेर जाऊन मागणी पुरवणारे सॉफ्टवेअर. हाच प्रॉक्सी गेटवे. तो कोणी बसवला, त्यात कोणते नियम लिहिले आणि त्याचा पासवर्ड काय, याची नोंद सापडेलच असे नाही. मला ती मिळाली नव्हती, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आयपी पत्ता, पॉप आणि आयमॅप यांतला फरक, आउटलुकमध्ये खाते कसे जोडायचे, एवढे तुम्हाला येते असे धरून मी पुढे जाते. जे कोणी नीट सांगत नाही आणि ज्यात माझे सर्वाधिक हाल झाले, तेवढेच येथे सविस्तर लिहिते.

ब्राउझर चालतो यावरून मेल चालेल, असा निष्कर्ष कधीही काढू नका. अकाउंटचे नाना येऊन म्हणतात, “ताई, गुगल उघडतंय, जीएसटीची साइट उघडतेय, मग मेलच का येत नाही?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गेटवेच्या कामाच्या पद्धतीत आहे. स्क्विडसारखा प्रॉक्सी, जो सामान्यतः ३१२८ या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर बसतो, तो एचटीटीपी ही वेबपानांची भाषा बोलतो. ब्राउझर त्याला ‘मला अमुक पान हवे आहे’ असे सांगतो आणि प्रॉक्सी स्वतः जाऊन ते पान आणतो. सुरक्षित पान असेल तर ब्राउझर ‘कनेक्ट’ ही आज्ञा देऊन समोरच्या सर्व्हरपर्यंत एक बोगदा मागतो. परंतु स्क्विडच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये असा बोगदा फक्त ४४३ या पोर्टसाठी मंजूर असतो. मेलचे पोर्ट वेगळे आहेत: आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आउटलुक आणि थंडरबर्ड हे मेलचे प्रोग्राम आयमॅपसाठी हा एचटीटीपीचा बोगदा मागतच नाहीत. त्यामुळे स्क्विडच्या यादीत ९९३ जोडून आणि सेवा पुन्हा सुरू करून काहीही साधत नाही. आरक्षणाच्या खिडकीवर केळीच्या पेट्यांची पार्सल पावती मागण्यासारखे ते आहे.

आउटलुकची गंमत आणखी निराळी आहे. ते विंडोजमधील प्रॉक्सीची सेटिंग वाचते, पण जी खाती एचटीटीपीवरून बोलतात त्यांच्यापुरतीच, म्हणजे एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ची खाती. होस्टिंग कंपनीकडून घेतलेल्या साध्या पॉप किंवा आयमॅप खात्यासाठी ते थेट बाहेर जायला बघते आणि गेटवेच्या भिंतीवर आपटते. परिणामी शेजारशेजारच्या दोन टेबलांवर एकाच आवृत्तीचे आउटलुक असते, एकात मेल येतो, दुसऱ्यात येत नाही, आणि नवखा माणूस दुसऱ्या संगणकावर ऑफिस काढून पुन्हा टाकत बसतो. कृपया ते करू नका. आधी खाते कोणत्या प्रकारचे आहे ते बघा.

जीमेलची खाती याहून फसवी आहेत. नुसता नेहमीचा पासवर्ड देऊन जोडण्याची सोय गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी २०२२मध्ये बंद केली, त्यामुळे आता थंडरबर्ड साइन-इनची एक खिडकी उघडते. ती खिडकी वेबपानच असल्याने, थंडरबर्डमध्ये एचटीटीपी प्रॉक्सी भरलेला असेल, तर व्यवस्थित उघडते, पासवर्ड स्वीकारते, मोबाइलवर आलेली विचारणाही पार पडते. आपल्याला वाटते, झाले काम. नंतर फोल्डरांची यादी येतच नाही आणि खाली ‘कनेक्ट होत आहे’ एवढेच फिरत राहते. साइन-इन ४४३वरून झाले, मेल ९९३वरून येणार होता, आणि तो रस्ता अजून बंदच आहे.

याच सापळ्याचा दुसरा अर्धा भाग नावांच्या शोधाचा, म्हणजे डीएनएसचा आहे. प्रॉक्सी वापरताना ब्राउझरला सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता स्वतः शोधावा लागत नाही. तो नाव तसेच प्रॉक्सीच्या हवाली करतो. म्हणून ज्या ऑफिसात आतल्या संगणकांना बाहेरचा डीएनएस मिळतच नाही, तेथेही ब्राउझर वर्षानुवर्षे सुखाने चालतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मेलचा प्रोग्राम मात्र नाव स्वतः शोधायला जातो आणि रिकाम्या हाताने परततो. अशा वेळी तुम्ही गेटवेवर सगळे पोर्ट उघडले तरी मेल येणार नाही.

म्हणून हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (nslookup) लिहून मेल सर्व्हरचे नाव द्या. आयपी पत्ता आला नाही तर दोष डीएनएसमध्ये आहे. आला, तर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) ही आज्ञा सर्व्हरचे नाव आणि ९९३ हा पोर्ट देऊन चालवा. शेवटच्या ओळीत ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’ याच्या पुढे ‘ट्रू’ आले तर थेट रस्ता मोकळा आहे, ‘फॉल्स’ आले तर गेटवे अडवतो आहे. आउटलुक दाखवते त्या एररच्या कोडमध्येही हा फरक दिसतो: शेवटी ‘०डी’ असेल तर सर्व्हर सापडलाच नाही, ‘०ई’ असेल तर त्याच्याशी जोडणी झाली नाही. या दोन अक्षरांकडे नीट पाहिले तर अर्धा दिवस वाचतो.

दोष कळल्यावर रस्ता निवडायचा. सर्वांत सरळ रस्ता म्हणजे गेटवेवरच नॅटचा, म्हणजे आतल्या संगणकाची जोडणी बाहेरच्या आयपीवरून पुढे पाठवण्याचा नियम लिहून आतल्या संगणकांना ९९३, ९९५, ४६५ आणि ५८७ हे पोर्ट, तेही आपल्या मेल सर्व्हरपुरतेच, थेट जाऊ देणे. यात संगणकाचा डीफॉल्ट गेटवे हाच प्रॉक्सीवाला संगणक असायला हवा आणि डीएनएसही मिळायला हवा. हे दोन्ही नसताना नियम बरोबर असूनही काही हलत नाही. आउटलुकसाठी मला हाच रस्ता पसंत आहे, कारण आउटलुकमध्ये पॉप-आयमॅपसाठी प्रॉक्सी भरण्याची जागाच नाही.

दुसरा रस्ता सॉक्सचा. हा वेबपानांपुरता न थांबता मेलसारख्या जोडण्याही पुढे नेणारा प्रॉक्सी असतो, बहुधा १०८० या पोर्टवर. गेटवेच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉक्स चालू असेल तर थंडरबर्डमध्ये कनेक्शन सेटिंग्जमध्ये जाऊन सॉक्स होस्टच्या जागी गेटवेचा आतला आयपी लिहा, आवृत्ती ५ निवडा आणि खाली असलेली, डीएनएस प्रॉक्सीमार्फत करण्याची चौकट टिचकी मारून चालू करा. ती चौकट सुटली तर वर सांगितलेला नावांचा घोळ पुन्हा उभा राहतो. वरची एचटीटीपीची चौकट भरून मेल येईल असे समजू नका. ती साइन-इनच्या पानासाठी आणि मेलमधल्या चित्रांसाठी आहे. सॉक्सने काम होत असले तरी टेस्ट-नेटकनेक्शन ‘फॉल्स’च दाखवील, कारण ते थेट जाऊन बघते, तेव्हा घाबरू नका.

तिसरा, जुना रस्ता अजून काही ठिकाणी भेटतो. त्यात येणाऱ्या मेलच्या सर्व्हरच्या जागी गेटवेचा आयपी लिहिलेला असतो आणि खातेनावाच्या पुढे एखादे चिन्ह देऊन खऱ्या सर्व्हरचे नाव जोडलेले असते. तसे खाते दिसले तर कोणी चुकून लिहिले असेल असे समजून पुसू नका. हे पॉपपुरते चालते; पाठवताना मात्र गेटवेत ठरवून दिलेला एकच सर्व्हर असतो, त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची खाती असतील तर एकाचे मेल जातात आणि दुसऱ्याचे नाकारले जातात. शिवाय हा रस्ता साध्या, अनएन्क्रिप्टेड पोर्टांच्या काळातला आहे. नव्याने उभारायचा असेल तर विचारही करू नका.

येथे शॉर्टकटबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ओळखीतला एखादा दादा एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सॉफ्टवेअरवरून येतो, ‘सगळ्यांना सगळे खुले’ असा एक नियम टाकतो, मेल सुरू होतो आणि मालक खूश होतो. त्यानंतर एखाद्या संगणकात व्हायरस शिरला की तो २५ पोर्टवरून रात्रभर स्पॅम पाठवतो, आणि सर्व संगणकांचा बाहेरचा आयपी एकच असल्याने संपूर्ण ऑफिसच स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसते. मग ज्यांनी कधी काही केले नाही त्यांचेही मेल परत येऊ लागतात. आतल्या संगणकांसाठी २५ बंदच ठेवा. आणि जो शिकवणारा स्वतः कीबोर्ड हातात घेऊन भराभर खिडक्या उघडतो व बंद करतो, पण तुम्हाला लिहून घेऊ देत नाही, त्याच्याकडून काम करून घ्या, पण त्याला गुरू मानू नका. मला जे काही आले ते भुसावळच्या एका वयस्क सरांकडून, जे फोनवर उत्तर देण्याआधी नेहमी एकच विचारत: “एररचा संदेश काय आहे, अक्षर न् अक्षर वाच.” तेव्हा त्याचा वैताग येई. आज मी तेच विचारते.

प्रमाणपत्राच्या, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याच्या इशाऱ्याबाबतही असेच. काही गेटवे सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासतात आणि स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतात. आउटलुक विंडोजच्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवते, तर थंडरबर्डचा प्रमाणपत्रांचा साठा वेगळा आहे. म्हणून विंडोजमध्ये गेटवेचे मूळ प्रमाणपत्र बसवल्यावर आउटलुक शांत होते, पण थंडरबर्ड तक्रार करत राहू शकते. तसे झाले तर तेथे ते प्रमाणपत्र पुन्हा आयात करावे लागते. इशारा आला की ‘अपवाद नोंदवा’ दाबण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. प्रमाणपत्र कोणी दिले आणि त्यावरच्या तारखा काय आहेत ते उघडून बघा. लोडशेडिंगनंतर जुन्या मशीनची बोर्डावरील बॅटरी संपलेली असेल तर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि सगळीच प्रमाणपत्रे अवैध ठरू लागतात. अशा वेळी टास्कबारवरची तारीख दुरुस्त करणे आणि बॅटरीची नाण्याएवढी चकती बदलणे, एवढेच काम असते.

मेल येतो पण जात नाही, हा प्रकार घडला तर ५८७ऐवजी ४६५ वापरून बघा. ५८७वर बोलणे साध्या भाषेत सुरू होऊन मध्येच एन्क्रिप्शनकडे वळते, आणि काही फायरवॉल त्या वळणाची ओळच पुसून टाकतात. ४६५वर सुरुवातीपासूनच सर्व एन्क्रिप्टेड असते. २०१८च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या मानकानेही त्यालाच पसंती दिली आहे.

आतापर्यंत लिहिले ते जुन्या, क्लासिक आउटलुकबद्दल; नव्या आउटलुकबद्दल एक गोष्ट आधीच मालकाच्या कानावर घाला. त्यात आयमॅप खाते जोडले की तुमच्या सर्व्हरशी मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर बोलतात आणि तुमचा संगणक फक्त मायक्रोसॉफ्टशी वेबवरून बोलतो. त्यामुळे एचटीटीपी प्रॉक्सीमागे ते जादू झाल्यासारखे चालते. परंतु मेलची प्रत आणि खात्याची ओळख तिसरीकडे जाते, हे चालेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार तुमचा नाही.

सारे जमल्यावर काही दिवसांनी एक तक्रार हमखास येते: सकाळी मेल लगेच येतात, दुपारी मात्र उशिरा. आयमॅपमध्ये जोडणी उघडी ठेवून नव्या मेलची वाट बघितली जाते आणि क्लायंटने ती साधारण २९ मिनिटांच्या आत ताजी करावी असा संकेत आहे. पण गेटवेने शांत जोडणी त्याआधीच तोडली तर मेलच्या प्रोग्रामला ते लगेच कळत नाही. गेटवेवरची निष्क्रिय जोडणीची मर्यादा अर्ध्या तासाच्या वर न्या, किंवा ते हातात नसेल तर थंडरबर्डमध्ये दर ५ मिनिटांनी मेल तपासण्याची सेटिंग ठेवा.

लॅपटॉपवाल्यांना मात्र सॉक्स देऊ नका. रावेरला केळीच्या सौद्यासाठी गेलेला माणूस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसला की ऑफिसातला १९२.१६८ने सुरू होणारा आयपी त्याला सापडणार नाही, आणि तो तुम्हाला दुपारी जेवणाच्या वेळी फोन करील. त्यांच्या लॅपटॉपचा ऑफिसातला आयपी लॅपटॉपमध्ये न लिहिता ऑफिसच्या नेटवर्ककडूनच ठरवून द्या, नॅटमध्ये तेवढ्याच आयपींना मेलचे पोर्ट उघडा, आणि मेलच्या प्रोग्राममध्ये ‘प्रॉक्सी नको’ असेच ठेवा. म्हणजे तोच लॅपटॉप दोन्हीकडे काही न बदलता चालतो.