भुताचं पुस्तक देताना या चुका टाळा

"भुताचं काहीतरी द्या की." पावसाळा लागला की आमच्या वाचनालयात हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी कानावर पडतंच. खानापूर-कणकुंबीकडून येणारे वाचक तर, तिकडं पाऊस असा की दुपारी तीनलाच घरात लाईट लावावी लागते, ते जून ते सप्टेंबर दुसरं काही मागतच नाहीत. आणि काउंटरवर नवीन बसलेलं पोरगं काय करतं, उठतं, धारपांचं जे हाताला लागेल ते काढतं, शिक्का मारतं, पुढचा या. वीसेक वर्षं काउंटरवर बसून हे बघून बघून डोकं उठलंय म्हणून लिहायला घेतलंय. छोट्या गावातली वाचनालयं चालवणारे, सुट्टीत मदतीला येणारे कॉलेजवाले, सगळ्यांनीच वाचा.

धारपांवर माझा राग नाही हं. नारायण धारप (१९२५ ते २००८) वाचूनच मी मोठी झाले, आईची चोरून, तांदळाच्या डब्यामागं पुस्तक लपवून. पण "भुताचं" हा एक शब्द बोलणारी माणसं चार वेगळ्या गोष्टी मागत असतात. एकाला भ्यायचंय पण शेवटी सगळं जागच्या जागी आलेलं पाहिजे, त्याला धारपांच्या समर्थांच्या कथा द्या, समर्थ येतात, वाईटाचा बंदोबस्त करतात, माणूस दिवा मालवून झोपतो. दुसऱ्याला उत्तरच नको असतंय, शेवटच्या ओळीनंतर तासभर छताकडं बघत पडायचं असतंय, तो रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचा गिऱ्हाईक. तिसऱ्याला रक्त आणि किळस पाहिजे, पण तो कधी तोंडानं सांगणार नाही. आणि चौथ्याला भुताची भीती वाटतच नाही, माणसांची वाटते. त्याला मी जी. ए. कुलकर्णी काढून देते, आपल्या बेळगावात शिकलेले, धारवाडला कॉलेजात शिकवणारे. त्यांना कुणी भयकथाकार म्हणत नाही, मीपण म्हणत नाही, पण रात्री घरात एकटं असताना वाचून बघा आणि मग मला सांगा. या चौघांना एकच पुस्तक दिलं तर तिघं नाराज होऊन परत येणार, किंवा येणारच नाहीत.

बरं, वर्गीकरण इथं काही कामाला येत नाही. ड्यूईच्या, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या पद्धतीच्या, हिशोबानं मराठी कथा-कादंबरी सगळी ८९१.४६३ मध्ये, तिथं हडळ आणि सासू शेजारी शेजारी बसलेल्या असतात. म्हणजे शोधायचं ते वाचकाच्या तोंडातून काढून.

मग विचारायचं काय? "तुम्हाला कुठल्या प्रकारचं हॉरर आवडतं" असं विचाराल तर समोरचा "कायपण चालतंय" म्हणणार, हे ठरलेलं. अमेरिकेत जॉइस सॅरिक्स यांनी १९८९ साली सहलेखिकेबरोबर वाचकाला पुस्तक कसं सुचवावं यावर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यांचं म्हणणं, वाचकाला आधी आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलतं करा, गोष्ट पळणारी होती का रेंगाळणारी, माणसं लक्षात राहिली का प्रसंग, ते ऐका. हे बरोबरच आहे. पण आमच्याकडं निम्म्या लोकांनी शाळेनंतर पुस्तकच वाचलेलं नसतंय, ते काय सांगणार? म्हणून मी एकच विचारते, "लहानपणी घरात कशाची भीती घालायचे?"

बघा मग माणूस कसा खुलतो. कुणी म्हणतं हाकामारी, रात्री दारात येऊन नावानं हाक मारते, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ज्यांच्या घरी कन्नड बोलतात ते सांगतात "नाळे बा", १९९० च्या दशकात कर्नाटकात लोकांनी दारांवर भिंतींवर लिहिलेलं, नाळे बा म्हणजे उद्या ये, हाक मारणारी चेटकीण ते रोज वाचून परत जाणार. भाषा दोन, पण भीती एकच, दारापलीकडून ओळखीच्या आवाजात कुणीतरी बोलवतंय. अशा माणसाला घरातली गोष्ट द्यायची, बंद खोली, जिना, ओळखीचं माणूस आणि त्याचं काहीतरी बिघडलेलं. चकवा म्हणाला तर रानातली, वाट चुकलेली. मुंजा म्हणाला तर झाड आणि पोर. मुंजावाल्याला मी पहिल्यांदाच कादंबरी देत नाही, कथा देते, का ते मलापण नीट सांगता येणार नाही पण आजपर्यंत चुकलेलं नाही.

आता माझी स्वतःची चूक. उद्यमबागेत एका कारखान्याच्या गोडाऊनवर रात्रपाळीला वॉचमन असलेला एक पोरगा यायचा. पंचविशीचा, अंगानं दणकट, मिशीला पीळ. "अक्का, लई भ्यावणारं द्या बगा, मागचं वाचून हसूच आलं." मला पण चेव आला. मी कपाटाच्या तळातून एक कथासंग्रह काढला, त्यातली एक गोष्ट बंद पडलेल्या गिरणीवरच्या राखणदाराची, रात्री दोनला फाटकावर कोण येतं त्याची. मनात म्हटलं आता बघू कसं हसतोस.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, दीड महिना झाला. फोन लावला तर उचलेना. शेवटी एक दिवस आला, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पुस्तक, आणि पुस्तक असं फुगलेलं की पावाची लादी वाटावी. झालं असं की त्यानं ती गोष्ट ड्युटीवरच वाचायला घेतली, रात्री एकला. अर्ध्यात आला आणि फाटक वाजलं. वारं असणार, कुत्रं असणार, कायपण असंल. त्यानं पुस्तक केबिनच्या बाहेर भिरकावलं ते गवतात पडलं, आणि नंतर ते उचलून परत केबिनमध्ये आणायला काय त्याचा धीर होईना. दिवसा उजेडात पण नाही. जुलै महिना. आता विचार करा पुस्तकाची काय अवस्था झाली असंल. "दंड किती होतोय सांगा अक्का, भरतो, पण ते माझ्या नावावरनं काढा." दंड मी घेतला नाही, पुस्तकाचे पैसे मीच भरले, कारण चूक माझी होती. पोरगा काय काम करतो हे मला माहीत होतं, रोज युनिफॉर्मवर यायचा की. मी विचारलंच नाही की कुठं बसून वाचणार.

तेव्हापासून हा प्रश्न माझा पक्का. कुठं वाचणार, कधी वाचणार, घरात अजून कोण आहे. लोकांना वाटतं मॅडम चौकशा करायल्यात, वाटू दे. बसमध्ये वाचणाऱ्याला चार-सहा पानांच्या कथा. रात्री एकटं राहणाऱ्याला, विशेषतः नवीनच एकटं झालेल्याला, मेलेलं माणूस परत येतं असलं काही आपण होऊन द्यायचं नाही, त्यानंच मागितलं तर गोष्ट वेगळी. हॉस्पिटलात पेशंटजवळ बसणाऱ्यांना मी समर्थच देते, दुसरं काही नाही.

छोट्या चुका पटापट सांगते. "लई भीती वाटते हं" असं सांगून पुस्तक देऊ नका, माणूस पैज लावल्यासारखा वाचतो आणि येऊन म्हणतो काहीच वाटलं नाही. शेवट सांगू नका, यावर अजून काय बोलायचं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला चारशे पानी ठोकळा नको. इंग्रजी वाचणाऱ्याला विचारल्याशिवाय धारपांची 'लुचाई' देऊ नका, एक इंजिनिअरिंगचा मुलगा दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आला, "मॅडम हे मी वाचलंय", खरंच की, स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'वरनं ती बेतलेली, मला माहीत होतं आणि तरी दिली. उलट 'तुंबाड' बघून आलेल्यांना धारपांची 'आजी' ही कथा द्या, २०१८ च्या त्या सिनेमातली म्हातारी कुठनं आली ते कळलं की ती मंडळी पक्की मेंबर होतात. आणि पुस्तकाच्या पाठीवर कवटीचं स्टिकर चिकटवू नका हो! आमच्याकडं एकानं हौसेनं चिकटवली, तर रिटायर्ड मास्तर लोकांनी ती पुस्तकं घ्यायचीच बंद केली. वाचायची तर असतात त्यांना, पण गल्लीतनं हातात धरून जायची नसतात. शेवटी त्यांना मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून द्यायला लागले.

स्टिकरऐवजी माझी एक वही आहे. प्रत्येक भयपुस्तकापुढं पेन्सिलीनं खुणा, "ल" म्हणजे लहान मूल मरतं, "ग" म्हणजे गरोदर बाई, "र" म्हणजे रक्त, "कु" म्हणजे कुत्रं मरतं. हसू नका, "कु"ची खूण सगळ्यात जास्त उपयोगी पडते, माणसं कितीही मेली तरी कुणी तक्रार करत नाही पण कुत्रं मेलं की दुसऱ्या दिवशी काउंटरला भांडण. ही वही बनवायला मला सहा वर्षं लागली कारण पुस्तकं वाचावी लागतात, आणि नवीन पोरांना तेच नको असतंय. "मॅडम, टॉप टेनची यादी द्या, ग्रुपवर टाकतो." यादीनं पुस्तक दिलं जात असतं तर काउंटरला माणूस कशाला बसवायचा? वर मलाच ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन ऐकवतात, त्यांच्या १९३१ च्या पाच नियमांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. अरे बाबा, त्याच्या आधी दुसरा नियम आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तो सोडून डायरेक्ट चौथ्यावर उडी.

अजून एका चुकीबद्दल बोलायचंय, ती म्हणजे भयकथा ही टाइमपास आहे असं समजून पोरांना तिच्यापासून लांब ठेवणं. आमच्या सीमाभागात घरात मराठी आणि शाळेत कन्नड नाहीतर इंग्रजी अशी पोरं ढिगानं आहेत. देवनागरी येते ती शाळेतल्या हिंदीमुळं, ती पण अडखळत. आई-बाप धरून आणतात आणि म्हणतात संस्काराचं काहीतरी द्या. मी देते संस्काराचं, ते न उघडता परत येतं. मग टिळकवाडीतल्या एका सातवीतल्या मुलीला मी गुपचूप आठ पानांची एक भुताची कथा दिली, वहीत एकपण खूण नसलेली. पोरगी आठवड्यानं आली, डोळे मोठ्ठे. "आंटी, दार उघडलं तिथपर्यंत मला दोन दिवस लागले." एकेक अक्षर जुळवत वाचायची ना, दा-रा-ची क-डी, तेवढा वेळ ती कडी हलतच होती. आपण जे पान अर्ध्या मिनिटात संपवतो त्यावर ती पोरगी संध्याकाळभर भीत बसली होती. लेखकाला पण एवढा चांगला वाचक मिळाला नसंल. तिनं पुढची मागितली, मग त्याच्या पुढची, आता दहावीत आहे आणि मला मतकरींमधल्या कुठल्या कथा भारी ते समजावून सांगते. आईला मात्र अजून वाटतंय की पोरगी चरित्रं वाचते. मी काही बोललेले नाही.

तो वॉचमन पण अजून येतो. दिवसपाळी मागून घेतली त्यानं. सध्या प्रवासवर्णनं वाचतोय, पण परवा हळूच विचारत होता, "ती गोष्ट शेवटी काय होते अक्का, फाटकावर कोण असतंय?" मी सांगितलं नाही, वर लिहिलंय ना शेवट सांगू नका म्हणून. वाळवून, दाबून, बाइंडिंग करून ते पुस्तक अजून कपाटात आहे म्हटलं.

आणि हो, एक राहिलंच. अमावस्येच्या आदल्या दिवशी भुताची पुस्तकं परत करायला गर्दी होते, घरात नकोत म्हणून. त्या दिवशी काउंटरला एकटं बसू नका, दोघं तरी बसा, मी एकटी बसून पस्तावलेय.