वापरलेल्या ग्राफिक्स कार्डावरील चित्रदोष शोधण्याची पद्धत

वापरलेले ग्राफिक्स कार्ड संगणकात बसवल्यावर पडद्यावर रंगीत ठिपके, आडवे पट्टे किंवा ताणल्यासारखे त्रिकोण दिसू लागले की बहुतेक जण लगेच ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावे म्हणून लागणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा बसवतात. त्याने काही बिघडत नाही, पण त्याआधी चित्र नेमके कोणत्या टप्प्यावर बिघडते आहे हे पाहायला हवे. कार्डावरची मुख्य चिप चित्र रचते, ते कार्डाच्या मेमरीत साठवले जाते आणि तिथून पोर्ट व केबलमार्फत मॉनिटरपर्यंत पोहोचते. यांपैकी कुठेही दोष असला तरी बघणाऱ्याला पडदाच खराब दिसतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर काय दिसले ते लिहून ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही आणि आठवड्याभराने तो परत आला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

पहिली परीक्षा स्क्रीनशॉटची. दोष दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडून पाहावी. त्याच पडद्यावर पाहिल्यास काहीच सिद्ध होत नाही, कारण दोष मॉनिटरचा असेल तर स्वच्छ फाइलही तिथे खराबच दिसेल. स्क्रीनशॉटमध्ये येते ते तयार झालेले चित्र. पोर्ट, केबल आणि मॉनिटर हे त्याच्या पुढचे टप्पे आहेत. त्यामुळे फाइलमध्ये ठिपके असतील तर दोष चिप, मेमरी, ड्रायव्हर किंवा त्या वेळी चालू असलेला प्रोग्राम यांपैकी कशात तरी आहे. फाइल स्वच्छ असेल तर आधी केबलकडे वळावे. क्षणभरच चमकून जाणारा दोष एका स्क्रीनशॉटमध्ये सापडेलच असे नाही, तेव्हा पाच-सहा घ्यावेत.

केबलचा दोष ओळखायला फारसा कठीण नसतो. गडद भागात पांढरे कण लुकलुकणे, पडदा एक-दोन सेकंद काळा होऊन परत येणे ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. ३८४० × २१६० रिझोल्यूशन ६० हर्ट्झवर पूर्ण रंगांत चालवायला १८ गिगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची एचडीएमआय २.० जोडणी लागते, १०.२ गिगाबिटपुरत्या बनवलेल्या जुन्या केबलीवर तो भार पेलेलच असे नाही. रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येते तो आकडा, ३० हर्ट्झवर आणून पाहावा. कण गेले तर बहुधा केबल किंवा मध्ये लावलेला अडॅप्टर बदलण्याने काम भागते. तरीही दोष राहिला तर कार्डाचा दुसरा पोर्ट आणि शक्य असल्यास दुसरा मॉनिटर लावून पाहावा.

स्क्रीनशॉटमध्येही ठिपके आले असतील, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि पहिल्या क्षणापासून पडद्याकडे लक्ष ठेवावे. मदरबोर्डचा लोगो आणि बायोसचा (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रामचा) पडदा दिसतो तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर चालू झालेलाच नसतो. मी तपासलेल्या एका कार्डावर त्या काळ्या पडद्यावर लोगोच्या मागे हिरव्या रंगाच्या छोट्या उभ्या रेघा दिसत होत्या. सर्व रेघा सारख्याच उंचीच्या होत्या आणि त्यांच्यातले अंतरही सारखेच होते, जणू आलेखाच्या कागदावर मोजून काढल्या असाव्यात. अशी नियमितता मेमरीच्या दोषात अनेकदा दिसते: चित्राची माहिती अनेक मेमरी चिपांत ठरावीक क्रमाने वाटलेली असते, त्यामुळे एक चिप चुकली की ती चूक पडद्यावर ठरावीक अंतराने उमटत राहते. एवढे दिसल्यावर ड्रायव्हरमध्ये वेळ घालवू नये. बायोसचा पडदा स्वच्छ दिसला म्हणून मात्र कार्ड निर्दोष ठरत नाही, कारण तिथे मेमरीचा अगदी लहान भाग वापरला जातो आणि कार्डावर भार जवळजवळ नसतोच.

ड्रायव्हर बदलायचाच असेल तर तो नीट बदलावा. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा, इंटरनेट बंद करावे म्हणजे विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवणार नाही, आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज कमीत कमी ड्रायव्हरांवर सुरू करून, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा प्रोग्राम चालवून जुने अवशेष काढून टाकावेत. विंडोजच्या घटनांची नोंद दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद वारंवार येत असेल, तर कार्डाने ठरलेल्या मुदतीत उत्तर न दिल्याने विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आहे असे समजावे. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यात) ती वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण दोष शोधताना तो पाळू नये, कारण त्याने लक्षण झाकले जाते आणि कारण तसेच राहते.

यानंतर कार्ड काढून पाहावे. पॉवर सप्लायचे बटण बंद करावे, संगणकाचे चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि मगच स्लॉटची खिट्टी सोडवावी. कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर किंवा बोटांचे डाग असतील तर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यावेत. विजेचा हिशेबही करावा: स्लॉटमधून ७५ वॉट, ६ पिनांच्या जोडणीतून ७५ वॉट आणि ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट ही ठरलेली मर्यादा आहे. कार्डाला दोन जोडण्या लागत असतील तर एकाच केबलीची दोन टोके वापरण्याऐवजी दोन स्वतंत्र केबली लावाव्यात. दुसऱ्या पॉवर सप्लायची मॉड्युलर (दोन्ही टोकांनी सुटी होणारी) केबल मात्र कधीही लावू नये. टोक बसले तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्यात कार्ड जळू शकते. वीज कमी पडते तेव्हा सहसा ठिपके येत नाहीत, पडदा काळा होतो किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो.

वापरलेल्या कार्डाच्या बाबतीत आधीच्या मालकाने काय केले होते हाही तपासाचाच भाग आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते सोडवून ते चलन मिळवणे) थांबल्यावर त्या कामात दिवसरात्र चाललेली असंख्य कार्डे बाजारात आली. त्यांतल्या अनेकांवर, विशेषतः एएमडीच्या आरएक्स ४७० ते ५८० या कार्डांवर, मेमरी जास्त ताणणारा बदललेला बायोस असतो (हा कार्डाचा स्वतःचा बायोस, मदरबोर्डचा नव्हे). जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये बायोसची आवृत्ती, मेमरीचा वेग आणि बसची (चिप व मेमरीमधल्या जोडणीची) रुंदी पाहून ती त्याच मॉडेलच्या अधिकृत माहितीशी ताडावी; जुन्या चिपला नव्या मॉडेलचे नाव दिलेले बनावट कार्डही यात उघडे पडते. कार्डावर दोन बायोसचे बटण असेल तर संगणक बंद करून ते दुसऱ्या बाजूला सरकवणे हा सर्वांत सुरक्षित उपाय आहे. बायोस स्वतः लिहायचा झाल्यास आधी सध्याच्या बायोसची प्रत जपून ठेवावी.

दोष दहा-पंधरा मिनिटांनंतरच येत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये चिपचे सरासरी तापमान पाहून थांबू नये, हॉट स्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) आणि मेमरीचे तापमानही पाहावे. जीडीडीआर६एक्स या प्रकारची मेमरी ११० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करते. चिप आणि हीटसिंक यांमधली थर्मल पेस्ट बदलणे सोपे आहे, पण मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड बदलताना जाडी मूळ पॅडइतकीच हवी. पॅड जाड झाला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढते.

सगळे करूनही ठिपके राहिले तर एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये मेमरीचा वेग १०० मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी कमी करून प्रत्येक टप्प्यावर ओसीसीटी या चाचणी प्रोग्राममधली व्हीरॅमची (कार्डाच्या मेमरीची) चाचणी चालवावी. वेग उतरवल्यावर चुका शून्यावर आल्या तर मेमरी किंवा तिचा वीजपुरवठा कमकुवत झाला आहे. कार्ड त्या वेगावर काही काळ चालेलही, मात्र महत्त्वाच्या कामासाठी त्यावर विसंबू नये.

कार्ड ओव्हनमध्ये तापवण्याचा उपाय कोणीही सांगितला तरी करू नये. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळते. तेवढ्या तापमानात कपॅसिटर आणि प्लास्टिकचे भाग खराब होतात, ओव्हन अन्नासाठी वापरण्याजोगा राहत नाही आणि कार्ड सुरू झालेच तरी बहुधा थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडते. मेमरी चिप बदलायची असेल तर बीजीए रिवर्कची (चिप सोल्डर वितळवून काढण्या-बसवण्याची) यंत्रे असलेल्या तंत्रज्ञाकडेच जावे.

परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर कार्ड उघडण्याआधी, सील तुटण्याआधी, ते दुसऱ्या संगणकात लावून पाहावे. तिथेही तोच दोष दिसला तर बायोसच्या पडद्याचा छोटा व्हिडिओ, स्क्रीनशॉटची मूळ फाइल आणि चाचणीतील चुकांची संख्या असे तिन्ही पुरावे कार्डाच्या अनुक्रमांकाच्या छायाचित्रासह विक्रेत्याला पाठवावेत.